टॅनच्या ग्राफमधली उपरी रेघ आणि बंद केलेली तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : ग्राफ आणि डेरिव्हेटिव्हची चुकीची उत्तरं, व आधीची तक्रार न तपासता बंद केल्याबाबत

महोदय / महोदया,

मी कॅल्क्युलस शिकवते. वर्गात पडद्यावर ग्राफ दाखवता यावेत म्हणून तुमच्या गणिती सॉफ्टवेअरचं वार्षिक लायसन्स घेतलं आहे.

गेल्या आठवड्यात टॅन एक्सचा ग्राफ काढला आणि त्याच्याखाली डेरिव्हेटिव्हचा (प्रत्येक बिंदूपाशी उतार किती ते सांगणाऱ्या फंक्शनचा), म्हणजे इथे सेक वर्ग एक्सचा. खालचा ग्राफ १ च्या खाली कुठेच जात नाही, जायलाही नको. वरच्या ग्राफमध्ये मात्र १.५७ च्या आसपास एक रेघ आभाळातून थेट पाताळात उतरलेली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, उतार सगळीकडे धन आहे, मग ग्राफ खाली कसा आला?" प्रश्न बिनतोड होता. मुलीचं कौतुक वाटलं, पण उत्तर द्यायला खडू घेऊन फळ्याकडेच वळावं लागलं.

तुमच्या प्रतिनिधींनी कळवलं की ती अनंतस्पर्शी रेषा (ग्राफ जिच्या जवळ जात राहतो, पण जिला टेकत नाही अशी रेषा) आहे आणि 'वापरणाऱ्याच्या सोयीसाठी' दाखवली जाते. हे खरं नाही. ग्राफ मोठा करून पाहा, रेघ तिरकी आहे. बिंदूंची संख्या बदलली की तिचा कलही बदलतो. खरी अनंतस्पर्शी रेषा पाय भागिले २ वर, म्हणजे साधारण १.५७ वर, सरळ उभी असते, तुम्ही बिंदू किती घेतलेत याच्याशी तिला देणंघेणं नाही. तुमचा प्रोग्रॅम ठरावीक अंतरावर किमती काढतो आणि शेजारशेजारचे बिंदू जोडत सुटतो. एक बिंदू फटीच्या, म्हणजे टॅनला जिथे किंमतच नाही त्या जागेच्या, अलीकडे, प्रचंड धन. पुढचा पलीकडे, तितकाच ऋण. मधे फट आहे, हे बघायला तो थांबत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. केवलमूल्य एक्सचा (चिन्ह सोडून एक्सची जी किंमत उरते तिचा) ग्राफ इंग्रजी व्हीसारखा. शून्याच्या डावीकडे उतार −१, उजवीकडे +१, म्हणून शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह अस्तित्वातच नाही. पहिल्याच आठवड्यात शिकवायचं हे उदाहरण. तुमची 'बिंदूवरील उतार' ही सोय तिथे ०.०००००० असं उत्तर देते, सहा दशांश स्थळांपर्यंत, बेधडक!

यावर सल्ला मिळाला : स्टेप कमी करा. अहो, ही पद्धत बिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावरच्या (हे अंतर म्हणजेच स्टेप) किमती घेते, वजाबाकी करते आणि दोघांमधल्या अंतराने भागते. इथे दोन्ही किमती सारख्याच, मग स्टेप कितीही घ्या, वजाबाकी शून्यच राहणार. तरी सांगितलं म्हणून १० चा −१६ वा घात ठेवला. त्याच सेटिंगवर साइन एक्सचा २ पाशी उतार काढला, तर तोही ०. हवा होता −०.४१६१. कारण साधं आहे. दुहेरी अचूकता या संख्या साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत संगणक साधारण १६ सार्थ अंक धरतो, त्यामुळे २ मध्ये इतकं बारीक काही मिळवलं किंवा वजा केलं तरी त्याच्या लेखी ते २ च. म्हणजे तुमच्या सल्ल्याने चुकीचं उत्तर सुधारलं नाहीच, बरोबर येणारं उत्तरही गेलं.

आकडेमोडीला मर्यादा असतात, हे मला मान्य आहे. खटकतं ते हे की कुठेही साधी सूचना येत नाही. आणि त्याहून खटकला तो तक्रार बंद करतानाचा शेरा : 'सॉफ्टवेअर अपेक्षेप्रमाणे चालत आहे.' कोणाच्या अपेक्षेप्रमाणे?

तरी तक्रार पुन्हा उघडावी. फंक्शन जिथे तुटतं तिथे ग्राफही तुटलेला दिसावा. डावा आणि उजवा उतार जुळत नसेल तर आकडा न देता तसं स्पष्ट लिहून यावं. स्टेप नको इतकी बारीक झाली की इशारा मिळावा. हे पुढच्या अपडेटमध्ये होणार नसेल तर लायसन्सच्या उरलेल्या महिन्यांची रक्कम परत करावी.

तिन्ही उदाहरणांच्या फाइल्स सोबत जोडल्या आहेत. उत्तर लिहिणाऱ्यांनी या वेळी त्या उघडून पाहाव्यात, ही विनंती.

आपली,
एक लायसन्सधारक ग्राहक