वागळे इस्टेटच्या गाळ्यातल्या काकांना

काका, नमस्कार.

तुम्ही माझं नाव विचारलं नाहीत आणि तुमचं विचारायचं मला सुचलं नाही. पण 'कळव्याच्या कुरडईवाल्या' म्हटलं की आठवेल. सीझन सुरू व्हायच्या आधी, भर दुपारी, काखेत एक रिकामं खोकं घेऊन तुमच्या गाळ्यात शिरले होते, ती मी. शेठ जेवायला गेले होते. तुम्ही मशीन बंद करून पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर बसला होतात, मांडीवर डबा होता. मी म्हटलं, "अशी तीनशे खोकी हवीत, भाव काय पडेल?"

'शेठ आल्यावर या' एवढं म्हणून तुम्ही मला वाटेला लावलं असतंत, तरी मला काही वाटलं नसतं. तोवर सवयच झाली होती तशी.

त्या दुपारी माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. सासूबाई जळगावकडच्या. त्यांच्या हातच्या कुरडया, म्हणजे तीन दिवस गहू भिजवून काढलेल्या चिकाच्या, आम्ही दोघी मिळून ऑनलाइन विकतो. पुणं, बेंगळुरू, हैदराबाद, जिथे जिथे मराठी माणूस नोकरीला गेलाय तिथे. अर्धा किलोला चारशे वीस रुपये. घरच्या काट्यावर पार्सल भरायचं नऊशे ग्रॅम, मी पैसे भरायचे एक किलोचे, आणि चार दिवसांनी कुरिअरच्या वॉलेटमधून आणखी पैसे गायब. कारण काय, तर 'वजनात फरक'. वजन लावलेलं असायचं तीन किलो! कुरडई म्हणजे फुंकर मारली तर उडेल असली चीज, ती तीन किलोची होतेच कशी? बेंगळुरूच्या एका पार्सलला दोनशे तीस रुपये गेले त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "आपण कुरडया विकतोय का त्या कुरिअरवाल्याचं घर चालवतोय?"

विचारलं नाही असं नाही, दहा जणांना विचारलं. कुरिअरचा जो माणूस खातं उघडून देताना दिवसाला तीन फोन करायचा, तो म्हणाला, "मॅडम, सिस्टिमने घेतलंय." पुढे त्याने फोन उचलणंच सोडलं. दीड हजार भरून एका हॉलमध्ये घरगुती उद्योजकांच्या कार्यशाळेला बसले. तिथे तीन तास ब्रँड, ब्रँड आणि 'ग्राहकाला शिपिंग फ्री द्या' हा सल्ला. फ्री कुणाच्या खिशातून, ते विचारायला हात वर केला तर चहाची वेळ झाली. आणि ज्याच्याकडून पूर्वी खोकी घ्यायचे तो सांगायचा, "ताई, एकच मोठी साईज ठेवा, घाऊकात स्वस्त पडते." पडलीच की स्वस्त. खोक्यामागे दोन रुपये वाचले.

तुम्ही खोकं हातात घेतलंत, उलटं केलंत, खिशातून टेप काढून तिन्ही बाजू मोजल्यात. तीस, पंचवीस, वीस सेंटीमीटर. मग विचारलंत, "आत काय जातं?" काका, दोन वर्षांत हा प्रश्न मला एकाही माणसाने विचारला नव्हता. मी म्हटलं, कुरडया. "चिकाच्या व्हय?" म्हणत तुम्ही असे खुललात की मला हसूच आलं.

कानावरची पेन्सिल काढून तुम्ही त्याच खोक्याच्या झाकणावर गणित मांडलंत. तीस गुणिले पंचवीस गुणिले वीस, १५,०००. भागिले ५,०००, हा कुरिअरवाल्यांचा आकडा. तीन. "हे बघा तुमचं तीन किलो. ही लोकं वजन बघत न्हाईत, गाडीत जागा किती अडवली ते बघत्यात. दोन्हीत जे जास्त, त्याचं पैसे." कुरिअरवाल्यांच्या भाषेत याला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात हे मला आता कळलंय. कॉमर्सची पदवी आहे माझ्याकडे. घनफळाचं गणित मुलीचं मीच घेत होते, पाचवीपासून. आणि स्वतःच्या खोक्यावर ते मांडायचं डोक्यात आलं नाही ते नाहीच.

एवढ्यावर थांबला असतात तरी मी हे पत्र लिहिलं असतं. पण तुम्ही डबा खाली ठेवलात, स्टीलच्या डब्याचं झाकण शर्टाच्या बाहीला पुसलंत, पुठ्ठ्याच्या एका कोऱ्या कातरणीवर पालथं घातलंत आणि भोवतीनं पेन्सिल फिरवलीत. "खोकं बारकं करून भागायचं न्हाई, तुमची कुरडईच बशीएवढी हाय. एवढी घालायला सांगा म्हातारीला. मग एकावर एक चवड बसती." तो गोल कटरने कापून माझ्या हातात दिलात. डब्यातली भाकरी उघडीच राहिली होती, तिच्यावर पुठ्ठ्याची भुकटी उडत होती. मला ते दिसत होतं आणि तरी 'तुम्ही आधी जेवा' एवढंसुद्धा मी म्हटलं नाही. त्याची आजही लाज वाटते.

शिवाय शेठ आले तेव्हा त्यांच्यादेखत म्हणालात, "ताईंची ऑर्डर आत्ता घेऊ नका, माप चुकीचं हाय." पाच-प्लायच्या, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या, तीनशे खोक्यांची ऑर्डर! शेठचा चेहरा मी पाहिला. नोकरी तुमची होती, माझं काय जात होतं? दुकानदार असो की डॉक्टर, समोरच्याची चूक बोलून दाखवली तर आपलंच नुकसान, अशा वेळी बहुतेक जण गप्प बसतात, आणि गप्प बसण्याला कोणी चोरी म्हणत नाही. मी स्वतः बसलेय गप्प. गेल्या वर्षी एका बाईंनी एकाच पत्त्यावर चुकून दोनदा ऑर्डर दिली, ते कळत असूनही मी दोन्ही पार्सलं पाठवली होती. तुमच्या गाळ्यातून रिक्षाने परत येताना तीच आठवत होती.

आता पुढचं सांगते. सासूबाई आधी रुसल्या. "माझी कुरडई लहान करणारा हा कोण?" मी काही बोलले नाही. एप्रिलमध्ये गच्चीवर प्लास्टिकचा कागद अंथरला, तुमचा गोल त्याच्याखाली सरकवला आणि सोऱ्या त्यांच्या हातात दिला. कागदातून गोल आरपार दिसतो. दोन-चार कुरडया वेड्यावाकड्या पडल्या, मग हात बसला. एक घातली की गोल पुढे सरकवायचा. आता गोल लागतच नाही, पण त्या तो फेकू देत नाहीत. चिकाचे डाग पडून कडक झालाय, स्वयंपाकघरात सोऱ्याशेजारी खिळ्याला लटकलेला असतो.

अर्ध्या किलोचं खोकं आता चोवीस, बारा, सोळा. दोन चवडी शेजारी शेजारी. गुणाकार ४,६०८, म्हणजे एक किलोच्या आत. तीन-प्लाय पुरतो हेही तुमचंच म्हणणं, आणि अजून एकही तक्रार आलेली नाही. मोडलीच एखादी तर तळल्यावर कुणाला कळतंय? बेंगळुरूला दोनशे तीस जायचे, तिथे आता शंभराच्या आत भागतं. खोकं गच्च भरून फुगवायचं नाही, "कुरिअरचं मशीन पोटसुद्धा मोजतं" म्हणालात, तेही पाळते. प्रत्येक पार्सलचा मोजायची टेप लावून फोटो काढते. मध्ये एकदा पुन्हा 'वजनात फरक' आला. फोटो पाठवला, पैसे परत आले. त्या दिवशी घरी श्रीखंड आणलं.

पाव किलोची पाकिटं मी आता ठाण्याच्या मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्टने टाकते.  आसामात बदलीवर असलेल्या एका फौजीच्या बायकोला तिच्या डोहाळजेवणासाठी पाकीट गेलं. कॅश ऑन डिलिव्हरीची परत येणारी पार्सलं हे दुखणं मात्र आहेच. जाण्याचे पैसे आपले आणि येण्याचेही आपलेच. त्यावर तुमच्याकडेही औषध नसणार.

मेच्या शेवटी खोकी न्यायला आले होते, तेव्हा शेठ समोर होते म्हणून हे काही बोलता आलं नाही. कुरडयांचं पाकीट तेवढं तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते घरी नेण्यासाठी ठेवून द्याल असं वाटलं होतं. तुम्ही तिथेच फोडलंत, एक कुरडई काढून गठ्ठ्यावर ठेवलीत, डब्याचं झाकण आणलंत आणि तिच्यावर पालथं घातलंत. वाळून आकसली होती, झाकणाखाली पार दिसेनाशी झाली.

"बसली," म्हणालात, आणि मशीन सुरू केलंत.

तुमची,
कळव्याची कुरडईवाली