बांबोळीच्या रुग्णसेवेसाठी आवाहन : पैशाआधी यादीत नाव हवं

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सलाम.

बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, आपल्यापैकी प्रत्येकाचं कुणी ना कुणी कधीतरी दाखल होतंच, त्यामुळे तिथली परिस्थिती मी नव्याने सांगायला नको. बांदा, सावंतवाडी, कुडाळ, दोडामार्गाहून रुग्ण येतो, त्याला खाट मिळते, उपचार सुरू होतात. तिथल्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे उपकार मानावे तेवढे थोडेच. पण नेसत्या कपड्यांनिशी सोबत आलेल्या आईने, बायकोने, भावाने जेवायचं कुठे आणि पाठ टेकायची कुठे? या माणसांसाठी काही करावं, हे ओझं प्रभूने आपल्या मंडळीच्या मनावर घातलं त्याला बराच काळ लोटला.

आजवर जे झालं ते थोड्या हातांनी झालं आणि त्यांचं ऋण इथे मांडलंच पाहिजे. थोरल्या पाळकसाहेबांनी गुडघे दुखत असतानाही वॉर्डांतल्या भेटी सोडल्या नाहीत. महिला मंडळाने नाताळचा फराळ विकून आलेली सगळी रक्कम चादरींना दिली, त्या चादरी आजही वापरात आहेत. म्हापशाच्या आपल्या निवृत्त बाई पेन्शन हातात पडली की पहिला दशांश याच कामाला देतात, आणि नाव छापू नका असा त्यांचा हुकूम असल्यामुळे छापत नाही. शेजारच्या चॅपेलचे फादर मागितल्याबरोबर मोठे टोप देतात. पर्वरीचे एक हिंदू दुकानदार चवथीच्या आधी न चुकता तांदळाचं पोतं पाठवतात आणि पावतीही मागत नाहीत. मिरजेत शिकून आलेल्या आपल्या परिचारिका भगिनी ड्युटी संपल्यावर घरी न जाता नातेवाइकांना केसपेपर समजावून सांगत बसतात. मिरजेच्या मिशन इस्पितळाचा संस्कार तो हाच.

आता मनातलं बोलतो. गेल्या वर्षी हेच आवाहन उपासनेत वाचलं तेव्हा "आमेन" चांगला मोठा आला. नंतर कागद फिरवला, तर त्यावर त्याच चार-पाच नेहमीच्या सह्या. वाईट वाटलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. शेवटी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीने ठरवलं की नुसता कळवळा मांडून लोक उभे राहत नसतील, तर काम कागदावर पूर्ण लिहून समोर ठेवायचं.

त्यासाठी आम्ही बायबलमधलं नहेम्याचं पुस्तक सोबत बसून वाचलं. यरुशलेमेची तटबंदी पडल्याचं ऐकून नहेम्या रडला, उपास केला, प्रार्थना केली. पण राजाने "तुझी मागणी काय?" असं विचारलं तेव्हा राजाला द्राक्षारसाचा प्याला देणाऱ्या या सेवकाकडे उत्तर तयार होतं: किती मुदत हवी, कोणत्या सुभेदारांना पत्रं हवीत, वेशींसाठी कोणाकडून लाकूड हवं. शहरात पोचल्यावर त्याने आधी कुणाला न सांगता रात्री जाऊन तट पाहिला, आणि मगच लोकांना हाक दिली. तिसऱ्या अध्यायात तर नुसती नावं आहेत, कोणी कुठला भाग बांधला त्याची. कितीतरी जण आपापल्या घरासमोरचा भाग बांधत होते. शल्लूमाच्या मुलींचंही नाव तिथे आहे, आणि तकोवा गावच्या सरदारांनी कामाला हात लावला नाही, हेही लिहिलेलं आहे. तट 52 दिवसांत उभा राहिला. आपल्या गोव्यातच पाहा: 1579 साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सनी आधी इथल्या लोकांची भाषा आत्मसात केली आणि मग ओवीला हात घातला. त्यांचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण राचोलला छापलं गेलं ते 1616 साली. मनात आलं आणि झालं, असं देवाच्या कामातही होत नाही.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. डबा देताना जात-धर्म विचारायचा नाही, पत्रकं वाटायची नाहीत. कुणी आपणहून प्रार्थना मागितली तरच करायची. यावर कमिटीत वाद झाला, पण निर्णय एकमताने झाला.

योजना अशी: पहिले तीन महिने मंगळवार, गुरुवार, शनिवार संध्याकाळी 20 डबे (पेज, भाजी, लोणचं), डब्याला 60 रुपये धरून एका संध्याकाळचे 1,200 रुपये. एका कुटुंबाने किंवा दोघांनी मिळून महिन्यातली एक संध्याकाळ घ्यावी. स्वयंपाकाला चार, पोचवायला दोन माणसं, पैकी एकाकडे गाडी हवी. वॉर्डभेटीला दोघा-दोघांच्या जोड्या, एकट्याने जायचं नाही. इस्पितळाच्या परवानगीचं पत्र आणि अन्न व औषध प्रशासनाकडची नोंदणी यांचे अर्ज तयार आहेत. ही दोन्ही हातात आल्याशिवाय चूल पेटणार नाही. तीन महिन्यांनी हिशेब मंडळीसमोर, आणि जमलं तर नातेवाईक बायकांसाठी बांबोळीजवळ भाड्याने एक खोली (अनामतीसाठी निधी वेगळा ठेवू). तांदूळ, कडधान्य, झाकणाचे स्टीलचे डबेही चालतील. रक्कम खजिनदारांकडेच द्यावी, पावती घ्यावी, कृपया मला रस्त्यात पैसे देऊ नयेत. येत्या दोन रविवारी उपासनेनंतर यादी दाराशी टेबलावर असेल. तरुण संघाने गाडीचं लवकर सांगावं. बाहेरगावी असलेल्यांनी घरच्यांकरवी नाव कळवलं तरी चालेल.

प्रभूच्या सेवेत आपला,
सचिव, पंचकमिटीच्या वतीने