शिंगाड्याच्या राक्षसाबद्दल

ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर
धानकापणीचे दिवस

प्रिय दिन्या,

तुझं पत्र पोचलं. आपण मुंबईत केलेल्या मालिकेतले राक्षस मी नव्याने काढून द्यावेत आणि तू ते पुण्याला प्रदर्शनात मांडावेत, याला माझी ना नाही. पण शेवटी “थोडे अजून भयानक कर” हे कशाला लिहिलंस बे? ते निर्मात्यांचं वाक्य. ते म्हणायचे तेव्हा आपण दोघं मिळून शिव्या घालत होतो ना?

आधी एक सांगतो. तू पाठवलेली त्या जपानी माणसाची, तोरू नारिताची, चित्रं बघत बसलो होतो. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम तोंडावर आला आहे, दोन मंडळांचे पडदे अर्धवट पडले आहेत, आणि मी रात्री बसून त्याचा बाल्तान नावाचा परग्रहवासी बघून राहिलो. घरात बोलणी खाल्ली. पण त्यावर बोलल्याशिवाय आपल्या राक्षसांवर बोलता येणार नाही.

नारिता मूळचा शिल्पकार. लहानपणी चुलीच्या विस्तवात डावा हात भाजून कायमचा अधू झालेला. १९६६ मध्ये ‘अल्ट्रा क्यू’ आणि मग ‘अल्ट्रामॅन’ (राक्षसांशी लढणारा अवाढव्य नायक) या टीव्ही मालिका आल्या, तेव्हा दर आठवड्याला नवा अक्राळविक्राळ प्राणी कागदावर उतरवण्याचं काम त्याच्याकडे होतं. घाईचं काम, पैसा बेताचा. तरी त्या गड्याने स्वतःला नियम घालून घेतले. नुसता प्राणी फुगवून राक्षस म्हणून उभा करायचा नाही. दोन डोकी, जास्तीचे हातपाय असली भुताटकी करायची नाही. आणि अंग फाटलंय, आतडी लोंबताहेत, रक्त गळतंय, असं काही दाखवायचं नाही. समोर लहान पोरं बसली आहेत.

आता हे नियम आपल्या कामाला लावून बघ. आपण काय करत होतो? दिग्दर्शक म्हणाला भीती वाटत नाही, की दात वाढवा. तरी नाही वाटली, की डोकं वाढवा. मग लाल रंगाचा डबा उघडा. थर्माकोलची ती बाजूची डोकी आठवतात? मधल्या नटाने मान वळवली की बाकीची मंडळी सरळ समोर बघत राहायची, वऱ्हाडाच्या फोटोसारखी.

नारिताच्या कागदावर भीती आकारातून येते. गोमोरा नावाच्या राक्षसाचं डोकं त्याने जुन्या सामुराईच्या शिरस्त्राणावरून घेतलं, म्हशीची शिंगं लावलेलं असतं तसल्या. दादा नावाचा जो आहे, त्याच्या अंगावर नुसते काळे-पांढरे पट्टे, पण बघताना डोळा ठरत नाही. कानेगोन तर मला सगळ्यात आवडतो. पैशासाठी हपापलेल्या पोराचा तो होतो, त्याचं डोकंच बटव्याचं, तोंडाला चेन, आणि जगायला रोज नाणी गिळावी लागतात. त्याला एकही सुळा लावायची गरज पडली नाही.

आणि हे सगळं जुगाडावर चालायचं, हे विसरू नको. एका सिनेमातल्या बारागोन राक्षसाचा पोशाख घेऊन त्यावर नेरोंगा, मागुला, गाबोरा हे राक्षस एकामागून एक उभे केले. गॉडझिलाच्या पोशाखाला मानेभोवती झालर लावली आणि जिरास म्हणून अल्ट्रामॅनशी भिडवला. अल्ट्रामॅन मारामारीत ती झालर उपटून काढतो! इकडे आमच्या मंडळात शिवाजी महाराजांच्या दरबाराचा पडदा सामाजिक नाटकात पाटलाचा वाडा होतो, तेव्हा मला त्या लोकांबद्दल सख्ख्या भावाइतकं वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. हे काम सोडल्यावर पुष्कळ वर्षांनी नारिता पुन्हा अल्ट्रामॅनकडे वळला. १९८३ मध्ये त्याने एक तैलचित्र केलं, ‘सत्य, न्याय आणि सौंदर्याचा अवतार’ अशा अर्थाच्या नावाचं. त्यात अल्ट्रामॅनच्या छातीवरचा दिवा नाही. तीन मिनिटं संपत आली की लुकलुकणारा तो दिवा मालिकेची गरज म्हणून बसवलेला होता, नारिताच्या मूळ आकारात नव्हता. डोळ्यांखाली पाडलेली भोकंही नाहीत. आतल्या नटाला दिसेना म्हणून ती पाडावी लागली होती आणि ती त्याला कायम सलत राहिली. पाठीवर साखळी झाकायला केलेला उंचवटा होता, तोही गेला. २००२ मध्ये नारिता वारला, आणि २०२२ च्या ‘शिन अल्ट्रामॅन’ सिनेमात अल्ट्रामॅन याच चित्राप्रमाणे, दिव्याशिवाय उभा राहिला.

हे वाचून मला वाटलं, हेच करायचं. दुसऱ्यांनी चिकटवलेलं खरडून काढायचं, आपलं तेवढं ठेवायचं. वही उघडून बसलो. आणि तिथे गाडी अडली.

आपला पाण्यातला राक्षस घे. त्याचं डोकं मी शिंगाड्यावरून काढलं होतं, हे तुला ठाऊक आहे. मुंबईत कोणाला सांगून पटलं नव्हतं. इथे बोडीवर, म्हणजे तळ्यावर, ढिवर मंडळी शिंगाडा काढतात, उकडला की काळा कुळकुळीत होतो. आता समोर ठेवूनच लिहितोय. मध्ये फुगीर पोट, वर एक आखूड चोच, आणि दोन्ही बाजूंना टोकदार शिंगं. ती वर जात नाहीत, आडवी जाऊन किंचित खाली झुकतात. त्या झुकण्यातच सगळं आहे. वर गेलेलं शिंग अंगावर येतं, झुकलेलं वाट बघतं. पाण्याखाली दबा धरून बसणाऱ्याला हेच शोभतं. आणि दिग्दर्शक काय म्हणाला? “राक्षसाची शिंगं वर असतात.” झालं, शिंगं वर गेली, आपला राक्षस बैल झाला. वर जबड्याला रक्त.

तर शिंगं खाली आणली, रक्त पुसलं, दात काढले. इथवर नारिताचं ऐकलं. मग गळ्यावरच्या फटीशी आलो. ती माझी नव्हती. आतल्या माणसाला दिसेना, दोनदा धडपडला, तेव्हा तूच ब्लेडने गळ्याखाली आडवी फट पाडलीस. त्या फटीतून बघायचं म्हणून बिचारा हनुवटी उचलून, मागे रेलून चालायचा. आणि तीच त्या राक्षसाची चाल झाली! कोणाला मोजत नाही अशी. इथल्या यात्रेत अजून कोणीतरी पोट्टा हनुवटी वर करून तसा चालून दाखवतो, मालिकेचं नाव त्याच्या बापालाही आठवत नाही. ती फट मी कशी काढू? चित्रात ती बुजवली, तर मागे रेललेली मान उगाच वाटते. मान सरळ केली, तर खाली नुसता शिंगाडा उरतो.

म्हणून या एका बाबतीत मी नारिताच्या विरुद्ध जातो. बाल्तानच्या त्या खेकड्यासारख्या नांग्या दिग्दर्शकाच्या सांगण्यावरून आल्या, नारिताला त्या पटल्या नव्हत्या. एवढा पुढारलेला परग्रहवासी असल्या हातांनी काय करणार, हे त्याचं म्हणणं तर्काला धरून आहे. पण नांग्या कापलेला बाल्तान आज कोण ओळखेल? दिवा गेला तर अल्ट्रामॅन सुटसुटीत होतो, नांग्या गेल्या तर बाल्तान लुळा होतो. वरून आलेलं सगळंच उपरं नसतं. काही अंगात मुरतं. कोणतं मुरलं हे पोशाख घालून चालल्यावरच कळतं, कागदावर नाही. कागदावर काढलेलं अंगावर उभं करणारा र्योसाकु ताकायामा नारिताला मिळाला होता. मला तू होतास, फोम आणि फेविकॉल घेऊन.

आता तुझ्या “भयानक कर”ला उत्तर. ‘अल्ट्रामॅन’च्या पंधराव्या भागात पोरं पाइपावर एक राक्षस रेखाटतात, अंतराळातल्या किरणांनी तो जिवंत होतो. गावादोन त्याचं नाव. निव्वळ पांढरा गोळा. येतो आणि घोरत पडतो. पोरांना लाज वाटते, आपला राक्षस असा कसा, म्हणून ती जाऊन त्याला काटेबिटे काढतात. दुसऱ्या दिवशी तो भयंकर रूप घेऊन येतो आणि पुन्हा घोरत पडतो. तुझ्या पत्राला याहून चांगला जबाब मला सुचत नाही.

तेव्हा माझ्या अटी ऐक. पाण्यातला राक्षस देतो, शिंगं खाली आणि गळ्याला फट, बदल होणार नाही. आगीवाला देतो, पण त्याला एकच डोकं. दशाननाचं चित्र मात्र राक्षसांच्या रांगेत लावायला देणार नाही. गडचिरोलीकडे कित्येक गोंड गावांत रावणाची पूजा होते. आमच्या नाटकाला तिकडूनही माणसं येतात, रात्रभर बसतात. मुंबईत असताना हे डोक्यात आलं नव्हतं, आता त्यांच्याच शेजारी राहतो. त्याचं वेगळं चित्र करीन, वेगळ्या भिंतीवर लाव, नाही तर लावू नको.

तुझ्याकडे पोशाखाचे फोटो असतील, मागून काढलेले. पाठीची शिवण कशी बसवली होती ते मला आठवत नाही, तेवढे लवकर पाठव. आणि हंगामात एकदा ये. वडशापर्यंत रेल्वेने ये, पुढे न्यायला मी येतो. नाटक रात्री सुरू होऊन पहाटे संपतं, तेव्हा स्वेटर आण, आणि वहिनींना खोटी वेळ सांगू नको. मागच्या खेपेला मला ऐकून घ्यावं लागलं.

तुझा,
मध्या