रिपोर्ट कोणाचा, मागणारा कोण?

संपादक महोदय,

माहिती फुटल्याची बातमी आली की आपण लगेच हॅकरचे नाव घेतो. पुष्कळदा कोणी काही फोडलेलेच नसते. सॉफ्टवेअरच मागेल त्याला माहिती देऊन मोकळे होते.

मुंबईतल्या एका लॅबने माझ्या आईचा रक्ततपासणीचा रिपोर्ट एसएमएसवर पाठवला. लिंकच्या शेवटी साधा अनुक्रमांक. उघडताना ओटीपी नाही, जन्मतारीखही विचारली नाही. अशा रचनेत शेवटचा आकडा बदलला की पुढच्या रुग्णाचा गर्भारपणाचा किंवा एचआयव्हीचा निकाल परक्याच्या हाती पडू शकतो. मी लॅबला लेखी कळवले. ‘सॉफ्टवेअरवाल्यांना सांगतो’ यापलीकडे उत्तर नाही. आजारी माणसाच्या बाबतीत ही बेफिकिरी मला संतापजनक वाटते.

लॉगिन ठेवले की काम झाले, असेही नाही. लॉगिनमुळे माणूस कोण ते कळते. समोरचा कागद पाहण्याचा हक्क त्याला आहे का, हे सर्व्हरने दर वेळी तपासायला हवे. अंदाजाने ओळखता न येणारे लांब क्रमांक आणि मुदतीची लिंक यांचा उपयोग होतो, पण या तपासणीची जागा ते घेऊ शकत नाहीत. लॉगकडे तर कोणी पाहतच नाही. बिघाड शोधण्यासाठी ठेवलेल्या या नोंदींत पासवर्ड, ओटीपी, आधार क्रमांक कधी कधी जसेच्या तसे उतरतात आणि देखभालीच्या कंत्राटदारालाही दिसतात. ते लिहितानाच झाकले पाहिजेत. जिथे शेवटचे चारच आकडे दाखवणारे मास्क्ड आधार चालते, तिथे पूर्ण प्रत मागूच नये.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी सुरक्षा न राखल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. एचआयव्हीबाबतच्या २०१७ च्या कायद्यानेही रुग्णांच्या नोंदी सुरक्षित ठेवण्याची सक्ती केली आहे. पण निकाल एकदा चाळीत किंवा ऑफिसात पोचला की दंडाने त्या माणसाचे काय भरून निघणार?

म्हणून महापालिकेने आपल्या रुग्णालयांच्या निविदांतच अट घालावी. एका रुग्णाच्या खात्यातून दुसऱ्याचे कागद उघडतात का, याची त्रयस्थाकडून चाचणी झाल्याशिवाय प्रणाली सुरू करू नये आणि कंत्राटदाराचे बिलही चुकते करू नये. खासगी लॅबच्या संघटनांनीही हाच नियम स्वतःला लावून घ्यावा.

— एक वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई