तीसपैकी एकोणतीस : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बारावी रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची यादी आणि परीक्षा बदलण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आपल्या कामाचा व्याप मोठा आहे याची जाणीव आहे. ही मागणी आधी रीतसर अर्ज करून विभागीय मंडळाकडे पाठवायचं मनात होतं. पण गेल्या आठवड्यात जे पाहिलं, त्यानंतर हा कागद आवक क्रमांक घेऊन एखाद्या कपाटात पडून राहावा, असं वाटत नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे.

गेल्या आठवड्यात मी एका केंद्रावर बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला एक्सटर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, म्हणून गेलो होतो. ब्युरेट या खाली तोटी असलेल्या काचनळीत पोटॅशियम परमँगनेट, पिपेट या मापाच्या काचनळीने घ्यायचं ऑक्झॅलिक आम्ल. वर्षानुवर्षं चालत आलेलं टायट्रेशन, म्हणजे अनुमापन : एक द्रावण थेंबाथेंबाने दुसऱ्यात सोडून प्रमाण काढायचं. एका मुलीने पिपेट तोंडात धरली आणि शीतपेयाच्या नळीसारखी जोरात ओढली. आम्ल थेट तोंडात गेलं. ऑक्झॅलिक आम्ल विषारी आहे, हे पाठ्यपुस्तक वाचलेल्या कुणालाही माहीत असतं. मी तिला बेसिनकडे नेलं, पुन्हा पुन्हा चुळा भरायला लावल्या, पाणी पाजलं. ती रडायला लागली. तोंड भाजतंय का, असं विचारलं तर म्हणाली, "नाही सर, माझे मार्क कापू नका. आम्हाला लॅबमध्ये आज पहिल्यांदाच आणलंय."

तिचं जर्नल माझ्यासमोर होतं. सगळे प्रयोग लिहिलेले, सगळ्यांवर लाल सह्या, पहिल्या पानावर 'प्रात्यक्षिके समाधानकारकरीत्या पूर्ण केली' असं प्रमाणपत्र. तिन्ही रीडिंग अगदी सारखी, सीबीआर, म्हणजे ब्युरेटचं स्थिर रीडिंग, अचूक. शेजारच्या मुलाचंही तेच रीडिंग, त्याच्या शेजारच्याचंही तेच. पूर्ण तुकडीने एकाच वहीवरून उतरवलं होतं.

त्या मुलीचा यात काहीही दोष नाही. ती सांगितलं तिथे गेली, मागितली तेवढी फी तिच्या वडिलांनी भरली. ते ऊसतोड मुकादमाकडे हिशेब लिहितात, असं तिनेच सांगितलं.

मी गुण लिहायला बसलो तेव्हा तिथले विभागप्रमुख शेजारी येऊन बसले. "सर, आमच्याकडे तीसपैकी अठ्ठावीसच्या खाली कुणी जात नाही." मी जे पाहिलं तेच लिहिलं. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. संस्थेतून एक, मग ओळखीच्या एका माणसाकडून, मग असा एक ज्याने नाव सांगितलंच नाही. शेवटच्याने बजावलं, "तुमच्या कॉलेजला आमचेच सर येणार आहेत, लक्षात ठेवा." म्हणजे मी खरं लिहिलं त्याची शिक्षा माझ्या मुलांना, जी वर्षभर माझ्यासोबत लॅबमध्ये उभी राहिली. त्या रात्री मला झोप आली नाही. माझी बायको म्हणाली, सगळे देतात तसे देऊन टाकायचे होते. तिचंही चुकत नाही. या व्यवस्थेत प्रामाणिक राहायचं तर घरातल्यांनाही त्याची झळ बसते.

साहेब, रसायनशास्त्राच्या 100 गुणांपैकी 70 लेखी आणि 30 प्रात्यक्षिकाचे. लेखी परीक्षेला तुम्ही कॉपीमुक्त अभियान चालवता. भरारी पथकं येतात, बैठी पथकं बसतात, ड्रोनची नजर असते, केंद्राबाहेर पोलीस असतात. आणि त्याच विषयाचे 30 गुण बंद खोलीत, चहा-पोहे घेत, यादीवर सरळ रेषेत लिहिले जातात. दरवर्षी सात लाखांहून अधिक मुलं विज्ञान शाखेतून बारावीला बसतात. त्यांतल्या निम्म्यांनी परीक्षेच्या दिवसापर्यंत ब्युरेट हातात धरलेली नसते, असं माझं मत आहे. आकडा चुकीचा वाटत असेल तर तपासा. कुठल्याही जिल्ह्यातली कुठलीही दहा महाविद्यालयं निवडा, डिसेंबरच्या एखाद्या मंगळवारी न सांगता जा आणि लॅबचं कुलूप कधी उघडलं होतं ते विचारा.

हे का झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटीवर, मेडिकलचा नीटवर. सीईटीत रसायनशास्त्राचे 50 प्रश्न, नीटमध्ये 45, सगळे पर्याय निवडायचे. मग दोन तास टेस्टट्यूब धुण्यात कोण घालवणार? मुलं सकाळपासून क्लासमध्ये, हजेरी कॉलेजात. 2018 मध्ये सरकारने बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता. ती यंत्रं आज कुठे आहेत? आणि गंमत नव्हे, वाईट वाटण्यासारखी गोष्ट अशी की, नीट आणि जेईईच्या नव्या अभ्यासक्रमात 'प्रात्यक्षिक रसायनशास्त्राची तत्त्वं' असं एक पूर्ण प्रकरण घातलेलं आहे. मोहर सॉल्ट, तुरटी, परमँगनेटचं टायट्रेशन, सॉल्ट अ‍ॅनालिसिस, सगळं त्यात आहे. आमची मुलं तेही पीडीएफमधून पाठ करतात. परमँगनेटचा फिकट गुलाबी रंग त्यांना शब्दांत माहीत असतो, डोळ्यांनी पाहिलेला नसतो. ज्याने तो एकदा स्वतःच्या हाताने आणलाय, एका थेंबाने रंगहीन द्रावण गुलाबी झालेलं पाहिलंय, त्याला अनुमापन म्हणजे काय हे पुन्हा शिकवावं लागत नाही.

आता प्रात्यक्षिकांच्या यादीकडे येतो, कारण मूळ मागणी तीच आहे.

सॉल्ट अ‍ॅनालिसिसची, म्हणजे अनोळखी क्षार ओळखण्याची, आपली पद्धत अजूनही जुन्या गटवार पृथक्करणाची आहे : धातू गटागटाने वेगळे करत ओळखायचे. दुसऱ्या गटासाठी हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा. सडक्या अंड्यांच्या वासाचा हा वायू विषारी आहे आणि त्याचं प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं, त्यामुळे धोका कळत नाही. फ्यूम हूड, म्हणजे विषारी वायू बाहेर ओढून नेणारी सोय, ग्रामीण भागातल्या किती महाविद्यालयांत आहे? आमच्याकडे खिडकी आहे, तिचीही एक झडप उघडत नाही. मी वर्षानुवर्षं हा वायू तयार करणाऱ्या किपच्या उपकरणाजवळ उभा राहिलो. डोकेदुखी, डोळ्यांची आग, कपड्यांना वास, घरी गेल्यावर लेकरं जवळ येत नसत. शेवटी मी ते उपकरण कपाटात ठेवलं, कारण मुलांच्या फुप्फुसांची जबाबदारी माझ्यावर आहे आणि मंडळाच्या यादीवर ती कुठेही लिहिलेली नाही. बहुतेक ठिकाणी हेच झालंय. वायू सोडत कुणीच नाही, पण उत्तरपत्रिकेत 'वायू सोडल्यावर काळा साका (द्रावणात तयार होणारा गाळ) मिळाला' असं प्रत्येक जण लिहितो. बारावीच्या मुलाला न पाहिलेलं निरीक्षण लिहायला आपण अधिकृतपणे शिकवतो. विज्ञानाच्या नावाने यापेक्षा वाईट काही शिकवता येईल असं मला वाटत नाही.

शिसे घ्या. लेड नायट्रेट, लेड अ‍ॅसिटेट अजून बाटल्यांत आहेत. ते द्रावण शेवटी बेसिनमधून जातं कुठे? आमच्याकडे ते मागच्या नाल्यात जातं आणि नाल्यावर गुरं पाणी पितात.

हे सगळं बदलणं अवघड नाही. तांबं ओळखायला अमोनियाचे दोन थेंब पुरतात, गडद निळा रंग येतो. निकेलला डायमिथिलग्लायॉक्झाइम घातलं की लालभडक साका. फेरिक लोहाला थायोसायनेट, रक्तासारखा लाल. पांढऱ्या चिनी मातीच्या तबकडीवर ड्रॉपरने थेंब टाकून ही सगळी परीक्षणं होतात. रसायन कमी लागतं, खर्च कमी, वायूची गरज नाही, आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला स्वतःची तबकडी देता येते. आज एका ब्युरेटभोवती पाच-सहा मुलं असतात, एक करतो आणि बाकीचे रीडिंग लिहून घेतात.

आणि टायट्रेशन ठेवायचंच, पण त्यात गावाचं पाणी येऊ द्या. ईडीटीए या रसायनाने पाण्याचा जडपणा मोजायचा, एरिओक्रोम ब्लॅक-टी या दर्शकाचा वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. आमच्याकडे बोअरच्या पाण्याने भांड्यांवर पांढरा थर बसतो. तो थर मुलीने घरी पाहिलेला असतो, तिच्या आईने घासलेला असतो. त्याचा आकडा तिने स्वतः काढला तर ती रसायनशास्त्र विसरेल का? यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या भागांत भूजलात फ्लोराइड आहे, मुलांच्या दातांवर डाग दिसतात. ब्लीचिंग पावडर ग्रामपंचायतीच्या टाकीत पडते, तिच्यात क्लोरीन किती उरलाय हे अनुमापनाने कळतं. मातीचा सामू (पीएच) आहे. एवढं सगळं अंगणात असताना आपण मुलांना बाटलीतलं अनोळखी पांढरं मीठ ओळखायला देतो, आणि ते कोणतं आहे हे आदल्या दिवशी शिपायाकडून फुटतं. सॉल्ट फुटणं हा शब्द आमच्याकडे इतका रुळलाय की त्यात कुणाला लाज वाटत नाही.

हे प्रयोग करून घेणार कोण, हाही प्रश्न तुम्हालाच विचारायचा आहे. आमचे प्रयोगशाळा परिचर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. डिसेंबर 2020 मध्ये तुमच्याच विभागाने चतुर्थश्रेणी पदं भरण्याऐवजी भत्ता द्यायचा निर्णय घेतला. ग्रामीण भागात दरमहा 5,000 रुपये. त्या पैशांत दिवसभर कोण काम करणार? तेव्हापासून द्रावणं मी करतो, बाटल्या मी धुतो, गॅस सिलिंडर मी आणतो, कित्येकदा स्वतःच्या पैशाने. वेतनेतर अनुदानातून डिस्टिल्ड वॉटर येत नाही. संहत सल्फ्युरिक आम्लाची बाटली मी एकटा उचलतो आणि त्याच वेळी मागे वीस मुलं बर्नर पेटवत असतात. एखादं मूल भाजलं तर निलंबित कोण होईल, हे मला चांगलं माहीत आहे. मंत्रालयातलं कुणी होणार नाही. त्यात मतदार याद्या, निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरणं. शेजारच्या अंशतः अनुदानित कॉलेजातले माझे मित्र वीस, चाळीस, साठ टक्के अनुदानाच्या टप्प्यांसाठी आझाद मैदानावर बसून आलेत. त्यांना कोणत्या तोंडाने सांगायचं की प्रत्येक मुलाकडून प्रयोग करून घ्या?

महाराष्ट्रात रासायनिक कारखाने आहेत, साहेब. तारापूर, पाताळगंगा, लोटे, महाड, कुरकुंभ. तिथल्या क्वालिटी कंट्रोलच्या लॅबमध्ये आमचीच बी.एस्सी. झालेली मुलं उभी असतात आणि दिवसभर टायट्रेशनच करतात. माझा एक माजी विद्यार्थी सांगत होता, नवीन पोरांना ब्युरेटचं रीडिंग डोळ्याच्या रेषेत घ्यायचं असतं हेही शिकवावं लागतं. पुण्यात 1950 पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. त्याच राज्यात बारावीची मुलगी पिपेट तोंडाने ओढते. मे 2024 मध्ये डोंबिवलीच्या रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, माणसं गेली. कोणतं रसायन कशाजवळ ठेवायचं नाही, आम्लात पाणी ओतायचं की पाण्यात आम्ल, हे ज्या वयात हाताला लागायला हवं त्या वयात आपण मुलांना जर्नल उतरवायला बसवतो. पुढे हीच मुलं त्या रिअ‍ॅक्टरजवळ कामाला जातात. नवं शैक्षणिक धोरण 2020 मध्ये आलं. अनुभवातून शिक्षण, करून शिकणं, हे शब्द त्यात पानोपानी आहेत. आमच्या लॅबपर्यंत त्यातलं काहीच पोहोचलेलं नाही.

माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर प्रयोग कमी करा. आठच ठेवा, पण ते प्रत्येक मुलाने स्वतःच्या हाताने केलेच पाहिजेत. हायड्रोजन सल्फाइड आणि शिशाचे क्षार यादीतून काढा. तोंडाऐवजी द्रव ओढून घेणाऱ्या रबरी बल्बशिवाय पिपेट वापरायला मंडळाने लेखी बंदी घालावी. बल्ब किती स्वस्त येतो, हे कुठल्याही सायंटिफिक दुकानात विचारा. एक्सटर्नल दुसऱ्या जिल्ह्यातून पाठवा, म्हणजे उद्या तुमच्याकडे आमचे सर, ही धमकी राहणार नाही. कोणता प्रयोग येणार हे मंडळाने परीक्षेच्या सकाळी कळवावं, लेखीच्या प्रश्नपत्रिकेसारखं. प्रयोगशाळा परिचराचं पद भरा. आणि वर्षात एकदा तरी, न कळवता, कुणीतरी लॅबचं दार उघडून आत पाहावं.

यातलं काहीच जमणार नसेल, तर निदान ते 30 गुण रद्द करा. मग 100 गुणांचा लेखी पेपर घ्या आणि गुणपत्रिकेवर 'प्रात्यक्षिक' हा शब्द छापू नका.

त्या मुलीची गुणपत्रिका मे महिन्यात येईल. मी लिहिलेले गुण त्यावर जसेच्या तसे राहतील की नाही, याची मला खात्री नाही. ते बदलले गेले, तर कुणी बदलले याचं उत्तर मला आपल्या कार्यालयाकडून लेखी हवं आहे.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक