ईशान्येचं न्हाणीघर पाडायचं नाही, आई

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

न्हाणीघर पाडायचं काम मी रद्द केलं आहे. गवंड्याला तसं सांगितलं आणि वास्तू बघून ईशान्येतलं न्हाणीघर हाच घराचा दोष आहे, ते गोठ्यामागे न्या, असं सांगून गेलेल्या त्या गृहस्थांनाही कळवलं. आई, आधी पूर्ण वाच, मग काय रागवायचं ते रागव.

घर जड झालंय, माजघरात पाऊल टाकलं की मन उतरतं, असं तू म्हणतेस ते मला पूर्ण पटतं. घराला झालंय खरंच काहीतरी. फक्त अण्णांच्या वेळी जे झालं त्याच्याशी त्याची सांगड घालू नकोस. ईशान्य कोपरा मोकळा, स्वच्छ ठेवावा, सकाळचं ऊन आत यावं, हे मीही मानते. पण न्हाणीघर गोठ्यामागे नेलं तर रात्री दोनदा उठणारे बाबा शेवाळलेल्या अंगणातून, भर पावसात, त्या गुडघ्यांनी जाणार. त्यापेक्षा ते आहे तिथेच राहू दे. दार बंद ठेवायचं, उजेडाचा झरोका उघडा ठेवायचा, जमीन कोरडी. बास.

आता जडपणाचं. आपल्या भिंती जांभ्याच्या. चिरा सच्छिद्र, तो पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून हे पाणी बाहेर पडत होतं. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि चार फुटांपर्यंत ऑइलपेंट चढला, तेव्हापासून ते आत कोंडलं गेलं. मग ते वर चढतं, जिथे वाट मिळेल तिथे सुकतं आणि मागे क्षार सोडतं. पेंटच्या रेषेच्या वरचे पांढरे फुलोरे, पापुद्रे आणि कपाटातला कुबट वास, सगळं त्याचंच. (दादाला यावरून बोलू नका. त्या काळात गावात सगळेच तेच करत होते.) दुसरं कारण अंगणातला कोबा. तो जोत्याच्या बरोबरीला आलाय आणि त्याचा उतार भिंतीकडे आहे. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, पागोळ्यांचं सगळं पाणी कोब्यावर आपटून पायात मुरतं.

म्हणून काम असं ठरवलंय. आधी बाहेरचं. भिंतीलगतचा दीड फूट कोबा कापून चर खणायचा, जोत्याच्या खाली जाईल पण पायाच्या तळापर्यंत नाही इतका, आणि त्यात खडी भरायची. उरलेल्या कोब्याला भिंतीपासून दूर उतार, दर 50 फुटांना 1 फूट. छपराला पन्हळ, तिचं पाणी थेट परड्यात. हे झाल्याशिवाय आतल्या भिंतीला हात लावू द्यायचा नाही. गवंडी घाई करतील, कारण आतलं काम दिसतं आणि पैसे त्याचे मिळतात.

मग माजघरात ओलीच्या रेषेच्या वर हातभर जाईपर्यंत सिमेंट सोलायचं आणि दिवाळीपासून माघापर्यंत भिंत उघडी ठेवायची. आई, ते चार महिने घर ओंगळ दिसेल. पाहुण्यांना सांग, लेकीचा हट्ट आहे. भिंत साधारण इंचाला महिना अशी वाळते, म्हणजे आपली दीड फुटी भिंत पूर्ण कोरडी व्हायला वर्षाच्या वर लागेल. तोवर क्षार फुलत राहणार. घाबरायचं नाही, कोरड्या ब्रशने झाडायचे. ओल्या फडक्याने पुसलंस तर ते विरघळून परत आत जातील.

नवा गिलावा भिजवलेल्या चुन्याचा, एक भाग चुना, तीन भाग रेती, अर्ध्या इंचाहून जाड थर एका वेळी नाही. चुना सिमेंटसारखा एका रात्रीत घट्ट होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कडक होतो, म्हणून आठवडाभर गोणपाट ओलं करून लावावं लागतं. भरभर सुकला तर भेगा पडतात. वर चुन्याचेच तीन हात, दुधाइतके पातळ. त्यावर कुणी डिस्टेंपर सुचवलं तर हसून नाही म्हणायचं. बाबा, चुन्याच्या टाकीजवळ तुम्ही जायचं नाही. डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं.

भिंत वाळेल, पण त्या घरात तुम्ही दोघं श्वासही घेता ना? डासांमुळे झोपायच्या खोलीचे झरोके पुठ्ठ्याने बंद झालेत. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण दहा लाखांत 420 भाग असतो. दोन माणसं बंद खोलीत झोपली की पहाटेपर्यंत तो 2000 च्या पुढे जातो. आई, उठल्यावर तुझं डोकं जड असतं त्यात याचा वाटा आहे असं मला वाटतं (तरी बी.पी. मोजायचंच). पुठ्ठे काढून बारीक जाळी बसवायला सांगितली आहे. मच्छरदाणी लावा. कॉइल मात्र घरातून कायमची बाहेर. 2003 सालच्या एका अभ्यासात एका कॉइलच्या धुरातले सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींइतके भरले होते. तिन्हीसांजेचा धूप तुझा तुला, त्याला मी कोण नाही म्हणणार? फक्त तेव्हा समोरासमोरची दोन दारं उघडी ठेव. पावसाळ्यात मात्र दिवसभर खिडक्या उघड्या टाकून उपयोग नाही, बाहेरचीच हवा ओली असते. उघाडी मिळाली की उघडायच्या, सर आली की लावायच्या. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे.

उजेडाचं ऐका, बाबा. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या तुलनेत जेमतेम तिसरा हिस्सा प्रकाश पोचतो. तुम्ही पेपर बाजूला ठेवून देता ते कंटाळ्याने नाही, माजघरात दुपारी बारालाही संध्याकाळ असते म्हणून. कौलांत चार काचेची कौलं घालायची आहेत, उत्तरेच्या पाखीवर, म्हणजे उजेड येईल आणि ऊन कमी. ती मंगळुरी कौलांच्याच मापाची हवीत, खाच जुळली नाही तर तिथूनच गळेल. तुमच्या खुर्चीमागे डाव्या खांद्यावरून येणारा 9 वॅटचा पिवळसर दिवा. न्हाणीघराच्या वाटेवर पायापाशी मंद दिवे, माणूस आलं की आपोआप लागणारे. रात्री वरची ट्यूब लावलीत की झोप उडते.

आणि पलंग ओटीलगतच्या खोलीत हलवायचा आहे. बाळंतिणीच्या खोलीत तुम्ही सवयीने झोपता, पण तिथल्या खिडकीतून फक्त शेजारची भिंत दिसते. बाबा, तुम्हाला पुरावा लागतो म्हणून सांगते. रॉजर उलरिक या संशोधकाने 1984 साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, वेदनाशामकंही त्यांना कमी जोराची पुरली. तुमच्या खिडकीत तर अख्खा फणस येईल. शिवाय ओटीवरून जाणारं येणारं माणूस हाक मारतं. माझ्या मते घराचं निम्मं जडपण यातलंच आहे. ज्या घरात बारा पानं पडायची तिथे दोन माणसं मागच्या दोन खोल्यांत, आणि बाकीच्या खोल्यांना कड्या. बंद खोलीत कुबट वास साचतो आणि तो सगळीकडे फिरतो. रोज सकाळी प्रत्येक कडी काढायची, माझ्या खोलीचीसुद्धा. तिथले माझे फ्रॉक आणि ती तुटकी ढकलगाडी आता कुणाला तरी देऊन टाक ना ग आई. बरं, ढकलगाडी राहू दे.

गॅसचा गीझर आणि सिलिंडर मी न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर घेतेय. आत नुसती नळी. यावर चर्चा नाही. बंद न्हाणीघरात तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो, त्याला वास नसतो आणि माणसाला कळायच्या आत शुद्ध जाते. तोवर झरोका उघडा ठेवूनच आंघोळ करायची, थंडी वाजली तरी.

उदकशांत करायची तुझी इच्छा आहे, ती करूच. गिलावा वाळला की फाल्गुनात, भटजींना मीच विचारते. पुरणपोळ्या तू करायच्या नाहीस, सांगून मागवू. खर्चाचं दोघांनीही विचारायचं नाही.

बाबा, रेतीची गाडी येईल तेव्हा तुम्हीच ओटीवर थांबा. नदीची रेती ठरली आहे, पण खाडीची आणून टाकतात. तिच्यात मीठ असतं, ते हवेतली ओल ओढत राहतं आणि सगळं काम वाया जातं. मूठभर रेती पेलाभर पाण्यात ढवळा, पाणी जिभेला लावून थुंका. खारट लागलं तर गाडी परत पाठवा, त्यांनी कितीही हुज्जत घातली तरी.

तुमची,
छोटी