मुक्या पट्ट्या बोलत्या करताना

चिपळूण,
१४ जुलै २०२४

प्रिय संजू,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन झाल्यापासून तो कीबोर्ड डोक्यातून जात नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. दुकानदार म्हणाला, ‘आतला सर्किट बोर्ड बदलावा लागेल, त्यापेक्षा नवा घ्या,’ आणि तू तयारही झालास! थांब जरा. त्याच्यावर भजनी मंडळाची इतकी वर्षं साथ झाली आहे. चार-दोन पट्ट्या मुक्या झाल्या म्हणून तो भंगारात जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं. पट्टी अडते ती बहुतेक वेळा धुळीने आणि ओलीने. बोर्ड जळलेला क्वचितच असतो.

आत काय असतं ते आधी सांगतो. प्रत्येक पट्टीखाली रबराचा छोटा घुमट असतो आणि त्याच्या पोटात कार्बनच्या दोन काळ्या टिकल्या. पट्टी दाबली की टिकल्या खालच्या बोर्डावरच्या काळ्या रेघांना टेकतात आणि सर्किट जुळतं. एक टिकली किंचित आधी टेकते, दुसरी मागाहून. मधला वेळ मोजून यंत्राला कळतं, बोट अलगद पडलं की जोरात. तुझी काळी ४ कधी गप्प बसते, कधी एकदम किंचाळते, त्याचं कारण हेच असणार. एका टिकलीवर कचरा बसला, की वेळेचा हिशेबच चुकतो.

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी एक काम कर. खालपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी हळू आणि जोरात दाबून बघ आणि कुठल्या अडतात ते कागदावर लिही. हे टाळू नकोस, अर्धं निदान इथेच होतं. अडणाऱ्या पट्ट्या इकडेतिकडे विखुरलेल्या असतील तर घाण आहे, घरी साफ होईल. पण दर सहावी किंवा दर आठवी पट्टी बंद असेल, किंवा शेजारशेजारच्या सहा-आठ एकदम गेल्या असतील, तर टिकल्या पुसून उपयोग नाही. पट्ट्यांच्या तारा गटागटाने जोडलेल्या असतात. तिथे चपटी केबल सैल झालेली असते, नाहीतर एखादा डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग) गेलेला असतो किंवा बोर्डावरची रेघ तुटलेली असते. अशा वेळी केबल काढून नीट बसवून बघायची. तेवढ्याने भागलं नाही तर जाणकाराकडे न्यायचा.

तुझा कीबोर्ड बाहेरच्या अडॅप्टरवर चालतो, म्हणून तो उघडायला सांगतोय. वीज थेट आत जाणारं मॉडेल असतं तर हात लावू नको म्हटलं असतं. अडॅप्टर काढ, सेलही काढ. जाड चादरीवर पालथा घाल. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, कुठला कुठून निघाला ते लिहून वेगवेगळ्या वाट्यांत ठेव. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर प्लास्टिक फोडून वर येतो. केबल काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढ.

पट्ट्यांखालची रबराची पट्टी सावकाश उचल, टिकल्यांना बोट लावू नकोस. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं, त्यात कापसाची काडी जेमतेम भिजवून टिकल्या आणि रेघा हलक्या हाताने पूस. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं आणि त्याचा थर बसतो. पेट्रोल, गंजावरचा स्प्रे, पॉलिश पेपर यांपैकी काहीही नको. कार्बनचा थर खरवडला गेला तर तो परत येत नाही. सध्या हवा दमट आहे, म्हणून पंख्याखाली पूर्ण वाळू दे. परत बसवताना रबराच्या पट्टीला खालून असलेली छोटी बोंडं बोर्डाच्या भोकांत पूर्ण गेली पाहिजेत. एखादं वर राहिलं तर ती पट्टी अडते, नाहीतर आपोआप वाजत राहते.

ताल बदलायचं बटणही नीट चालत नाही म्हणालास, त्याचं मात्र वेगळं आहे. आधी फॅक्टरी रीसेट करून बघ, पण तू साठवलेले ताल त्यात पुसले जातील, ते उतरवून ठेव. मग बटण दाबून नीट ऐक. मऊ दबत असेल तर खाली रबरच आहे, वरचाच उपाय. ‘टिक्’ असा आवाज येत असेल तर छोटा टॅक्ट स्विच आहे. बहुधा ६ मिलिमीटर चौरस, चार पायांचा. तो आतून झिजतो, पुसून फार दिवस टिकत नाही, बदललेलाच बरा. किंमत काही रुपयेच. कल्याणहून दादरला उतरून गाडी बदल, ग्रँट रोडला उतर, तिथे लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळेल. जुना सोबत ने, कारण स्विचच्या दांड्याची उंची जुळली नाही तर बटण वरच अडकतं किंवा सतत दाबलेलं राहतं. सोल्डरिंग तुझ्या भाच्याला येतं, त्याच्याकडून करून घे.

गणपतीला अजून वेळ आहे, घाई करू नकोस. बंद पट्ट्यांचा कागद मात्र उघडण्याआधी मला पाठव. मी बघतो आणि मग ठरवू.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अवि

ता. क. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवट भुकटी दिसली तर तीही लिही. सेल गळला असेल, तर पट्ट्यांना हात लावण्याआधी ते बघावं लागेल.